शिफ्ट सोलेनॉइडला दोष देण्याआधी: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टप्प्याटप्प्याने तपासणी

गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला, पी०७५३ हा दोषाचा कोड दिसला, नवा सोलेनॉइड (गिअरबॉक्समधला विजेवर चालणारा छोटा भाग) मागवून बसवला आणि आठवडाभरातच गाडी पुन्हा एकाच गिअरमध्ये अडकून बसली, असा अनुभव ऑटोमॅटिक गाडी असलेल्या अनेकांना येतो. यात बहुतेक वेळा चूक कोड वाचण्याची असते. पी०७५३ एवढेच सांगतो की ‘ए’ या शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये गिअरबॉक्सच्या संगणकाला अपेक्षित विद्युत प्रतिसाद मिळाला नाही. त्या सर्किटमध्ये सोलेनॉइडच्या जोडीला संगणकापासून गिअरबॉक्सपर्यंतची वायर, वाटेतले कपलर (वायर जोडणारे प्लग), गिअरबॉक्सच्या आतली वायर, अर्थ (गाडीच्या धातूच्या अंगातून वीज परतण्याची जोडणी) आणि खुद्द संगणक एवढे सगळे येते. म्हणून तपासणी बाहेरून आत आणि बिनखर्चाच्या कामापासून खर्चिक कामाकडे अशी करत जावी. गिअरबॉक्सचा पॅन, म्हणजे तळाचे ऑइलचे भांडे, उघडण्याची वेळ अगदी शेवटी यावी, आणि पुष्कळदा ती येतही नाही.

त्याही आधी आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे, हे नक्की करावे. आपल्याकडे क्लचचे पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात; पण २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर भारतात आलेली एएमटी ही मुळात साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला यंत्राचे हात जोडून केलेली रचना आहे, सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असल्यामुळे ठरावीक गिअरच नसतात, आणि दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे तंत्र आणखी निराळे आहे. पुढील विवेचन टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या, ऑइलच्या दाबावर गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सचे आहे.

अशा गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची एक गुंडाळी आणि तिच्या पोटात सरकणारी छोटी दांडी. प्रवाह मिळाला की गुंडाळी चुंबक बनते, दांडी ओढली जाते आणि ऑइलची एक बारीक वाट उघडते किंवा बंद होते. प्रवाह थांबला की स्प्रिंग दांडीला जागेवर ढकलते. सोलेनॉइड स्वतः गिअर टाकत नाही. तो व्हॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे ऑइलच्या वाटा आणि झडपा असलेल्या ठोकळ्यातल्या, झडपेला हलवतो, झडप क्लचकडे दाब सोडते आणि मग गिअर पडतो. या साखळीतला कोणताही दुवा तुटला तरी चालकाला जाणवणारी लक्षणे जवळपास सारखीच असतात: गाडी जागेवरून जड उठणे, गिअर बदलताना झटका बसणे, एखादा गिअर न पडणे, किंवा संगणकाने गाडीला बचावाच्या अवस्थेत टाकून एकाच गिअरमध्ये धरून ठेवणे.

कोणते गिअर उरले आहेत?

दोष शोधण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ‘गाडीला नेमके कोणते गिअर मिळतात’ हा प्रश्न. त्याची ताकद समजण्यासाठी एक जुना आणि साधा गिअरबॉक्स उदाहरणादाखल घेऊ. १९८७ ते २००१ या काळातल्या जीप चेरोकीत आयसिन वॉर्नरचा एडब्ल्यू४ हा चार गिअरचा गिअरबॉक्स असे. टोयोटाचा ए३४० हा त्याचाच सख्खा भाऊ. त्यात गिअर ठरवणारे सोलेनॉइड फक्त दोन असतात आणि तिसरा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपसाठी, म्हणजे त्याची घसरण थांबवून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडण्यासाठी, असतो. पहिल्या गिअरला पहिला सोलेनॉइड चालू आणि दुसरा बंद, दुसऱ्या गिअरला दोन्ही चालू, तिसऱ्याला पहिला बंद आणि दुसरा चालू, तर चौथ्याला दोन्ही बंद, असा हा हिशेब आहे.

आता समजा, पहिल्या सोलेनॉइडला प्रवाहच मिळत नाही. तो कायम बंद असल्यामुळे पहिला आणि दुसरा गिअर मिळणे शक्यच नाही. गाडी तिसऱ्यावर जड उठेल आणि पुढे चौथ्यात जाईल. दुसरा सोलेनॉइड मेला असेल तर पहिला आणि चौथा हे दोनच गिअर उरतात, म्हणजे गाडी व्यवस्थित निघते, इंजिन बराच वेळ ओरडते आणि मग एकदम दम गेल्यासारखी चौथ्यात पडते. दोन्ही मेले असतील, किंवा दोघांचाही पुरवठा तुटला असेल, तर ‘डी’मध्ये फक्त चौथा गिअर मिळतो. याच्या उलट पहिला सोलेनॉइड चालू स्थितीत अडकून बसला असेल तर पहिला आणि दुसरा एवढेच उरतात, आणि दुसरा तसाच अडकला असेल तर दुसरा आणि तिसरा. केवळ मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून, एकही पाना हातात न घेता, दोषी सर्किट ओळखता येते ते असे. (काही गाड्यांत संगणक दोष कळताच उरलेल्या सोलेनॉइडच्या मदतीने स्वतःच तडजोड करतो, तेव्हा चित्र थोडे बदलते.)

गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे इंजिनच्या फेऱ्यांवरून कळते. एडब्ल्यू४चे गुणोत्तर पहिल्या गिअरला २.८०, दुसऱ्याला १.५३, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला ०.७५ असे आहे. म्हणजे ज्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये काटा १,००० वर असेल, त्याच वेगाला दुसऱ्यात तो सुमारे १,५०० वर आणि पहिल्यात २,८०० वर दिसेल. टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरत असल्याने प्रत्यक्षातला आकडा याहून जरा वरच असतो. सहा किंवा आठ गिअरच्या आजच्या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड जास्त आणि त्यांच्या जोड्या गुंतागुंतीच्या असतात, परंतु त्या गिअरबॉक्सच्या दुरुस्ती पुस्तिकेत असाच तक्ता दिलेला असतो. तो हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि एका गिअरबॉक्सचा तक्ता दुसऱ्याला लावू नये. टोयोटाच्याच वेगवेगळ्या गिअरबॉक्सचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत.

ऑइल आणि बॅटरी

ही दोन कामे कंटाळवाणी असल्याने बहुतेक जण ती टाळतात. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि निरोगी सोलेनॉइडसुद्धा दोषी दिसू लागतो. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत पातळी गिअरबॉक्स तापलेला असताना, इंजिन चालू ठेवून आणि लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून पाहतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात पाहायची असते. डिपस्टिकच नसेल तर गाडी सपाट उचलून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना पातळीचा बोल्ट उघडून पाहावे लागते, आणि ते काम घराच्या पार्किंगमध्ये करण्यासारखे नाही. ऑइल काळे पडले असेल आणि त्याला करपल्यासारखा वास येत असेल तर क्लच प्लेट जळल्या आहेत असे समजावे. तिथे नवा सोलेनॉइड काही करू शकणार नाही.

बॅटरीच्या टर्मिनलवर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट असावेत. यासोबत इंजिनकडून बॉडीकडे आणि बॅटरीकडे जाणारी अर्थची पट्टी सैल किंवा गंजलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे.

कोडचा शेवटचा आकडा

पी०७०० हा कोड दिसला तर तो फक्त निरोप्या आहे. ‘गिअरबॉक्सच्या संगणकाकडे तक्रार नोंदली आहे, तिकडे जाऊन वाचा’ एवढेच तो सांगतो. दोन-तीनशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा इंजिनच्या संगणकापलीकडे जात नाही, त्यामुळे गिअरबॉक्सचे कोड वाचणारा स्कॅनर मिळवणे गरजेचे असते.

शिफ्ट सोलेनॉइडचे प्रमाणित कोड पी०७५० पासून पाच-पाचच्या गटात येतात: ‘ए’चे ०७५० ते ०७५४, ‘बी’चे ०७५५ ते ०७५९, ‘सी’चे ०७६० ते ०७६४, आणि असेच पुढे. प्रत्येक गटातला दुसरा आणि तिसरा कोड, उदाहरणार्थ ०७५१ आणि ०७५२, हे सोलेनॉइड बंद किंवा चालू स्थितीत अडकल्याचे, म्हणजे बहुधा यांत्रिक किंवा दाबाशी संबंधित दोषाचे असतात. चौथा, म्हणजे ०७५३ किंवा ०७५८, हा विद्युत दोषाचा असतो आणि पाचवा अधूनमधून येणाऱ्या दोषाचा. हा फरक निर्णायक आहे. विद्युत कोड असेल तर मल्टिमीटर, म्हणजे विजेची मापे घेणारा मीटर, घ्यावा. ‘अडकल्या’चा कोड असेल आणि विद्युत कोड नसेल तर मल्टिमीटरवर सगळे ठीकच दिसण्याची शक्यता मोठी, कारण संगणकाने तो निष्कर्ष गिअरच्या गुणोत्तरावरून काढलेला असतो. त्याच्या जोडीला पी०७१५ किंवा पी०७२० असे वेगाच्या सेन्सरचे कोड असतील तर आधी तेच सोडवावेत. गिअरबॉक्समध्ये येणारी आणि बाहेर जाणारी गती चुकीची मोजली गेली, तर संगणकाचा गुणोत्तराचा हिशेबही चुकणारच. लिव्हरची जागा कळवणाऱ्या स्विचच्या पी०७०५ या कोडलाही हेच लागू आहे.

कोड पुसण्याआधी ते लिहून ठेवावेत आणि दोष नोंदला त्या क्षणीची माहिती, म्हणजे वेग, इंजिनचे फेरे आणि ऑइलचे तापमान, स्कॅनर देत असेल तर तीही उतरवून घ्यावी.

मल्टिमीटर हातात घेतल्यावर

इग्निशन बंद करावे आणि मगच कपलर काढावा. गाडीखाली जायचे असल्यास ती फक्त जॅकवर कधीही ठेवू नये. भक्कम स्टँड लावावेत आणि चाकांना अडण द्यावी. सायलेन्सर आणि गिअरबॉक्सचे ऑइल दोन्ही भाजतात, हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो.

पहिले मोजमाप संगणकाकडच्या कपलरवर घ्यावे. कपलर संगणकापासून सोडवून वायरिंगच्या बाजूला त्या सोलेनॉइडच्या पिनवर मीटरची एक तार आणि दुसरी बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागी लावावी. एडब्ल्यू४सारख्या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइडचे दुसरे टोक गिअरबॉक्सलाच अर्थ झालेले असल्यामुळे येथे ११ ते १५ ओहम यायला हवेत. ज्या गाड्यांत सोलेनॉइडला दोन्ही वायर संगणकाकडून येतात, त्यांत त्या दोन पिनांमध्ये मोजावे आणि शिवाय प्रत्येक पिन व बॉडी यांच्यात संबंध नाही, हेही पाहावे. दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडचा रोध पुष्कळच कमी, बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ५ ओहमच्या आसपास असतो. तो पाहून ‘शॉर्ट झाला’ असा निष्कर्ष काढू नये.

येथे आकडा बरोबर आला तर संगणकापासून सोलेनॉइडपर्यंतचा सगळा मार्ग निदान त्या क्षणी तरी शाबूत आहे. चुकीचा आला तर मीटर घेऊन गिअरबॉक्सच्या अंगावरच्या कपलरपाशी जावे आणि तेच मोजमाप गिअरबॉक्सच्या बाजूने घ्यावे. तिथे १३ ओहम आणि संगणकाजवळ अनंत (म्हणजे मार्ग तुटलेला), असे दिसले तर दोष या दोन टोकांमधल्या वायरिंगमध्ये आहे. आपल्याकडे पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत ही वायर उंदरांनी कुरतडलेली सापडणे नेहमीचेच, आणि रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या कपलरमध्ये पिनांवर हिरवट पूड चढलेली असते. कपलर सोडवल्यावर तो उजेडात धरून प्रत्येक पिनकडे पाहावे: पिन मागे सरकलेली आहे का, रबरी सील जागेवर आहे का, आत ऑइल आहे का? मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तर तेथील प्लगमधून झिरपलेले ऑइल वायरच्या आतल्या बारीक पोकळीतून चढत चढत थेट संगणकापर्यंत पोहोचते. चाळीस-पन्नास सेंटिमीटरच्या वायरचे आणि एका पिनचे काम काही शेकड्यांत होते. आतले काम हजारांत जाते.

एकच मोजमाप घेऊन थांबणे ही यातली सर्वांत मोठी चूक. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २० अंशांना १३ ओहम दाखवणारी गुंडाळी ८० अंशांना साधारण १६ ओहम दाखवेल, आणि ते अगदी नैसर्गिक आहे. पण गुंडाळीतली तार कुठे केसाएवढी तुटलेली असेल तर तापल्यावर ती फाकते आणि रोध एकदम अनंत होतो. मस्कतला असलेल्या एका मित्राची जुनी चेरोकी सकाळी उत्तम चालायची आणि अर्ध्या तासाने तिसऱ्या गिअरवर रडत निघायची. एका गॅरेजने थंड गाडीवर मोजून ‘सोलेनॉइड ठीक’ असे लिहून दिले होते आणि पूर्ण गिअरबॉक्स खोलण्याचा खर्च सांगितला होता. आम्ही गाडी तापवली, दोष दिसताक्षणी बाजूला घेतली आणि कपलरवर मोजले, तर मीटर काहीच दाखवेना. दुसऱ्या सोलेनॉइडवर मात्र सोळाच्या आसपास आकडा स्थिर होता. बॉनेट उघडे ठेवून चहा पिऊन आलो, तेव्हा पहिल्यावरही १४ ओहम परत आले होते. थंड आणि गरम असे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

मोजमाप चालू असतानाच वायरिंग हाताने हळूहळू हलवून पाहावे. हलवताच आकडा उडत असेल तर त्याच जागी टेप सोडवून पाहावे.

संगणकाला बाजूला ठेवून

सर्किट शाबूत आहे आणि तरीही गाडी चुकते आहे, अशा वेळी गिअरबॉक्सला विजेशिवाय चालवून पाहणे फार बोलके ठरते. एडब्ल्यू४मध्ये गिअरबॉक्सच्या संगणकाचा फ्यूज काढला की लिव्हर ‘१-२’वर असताना पहिला, ‘३’वर तिसरा आणि ‘डी’वर चौथा गिअर केवळ ऑइलच्या दाबावर पडतो. फ्यूज काढून मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, हे तिन्ही गिअर व्यवस्थित पडत असतील तर पंप, संबंधित क्लच आणि मुख्य दाब यांच्याबद्दल बरीचशी निश्चिंती बाळगता येते आणि संशय सोलेनॉइड, सेन्सर किंवा संगणकाकडे वळतो. फ्यूज काढूनही तिसरा गिअर घसरत असेल तर सोलेनॉइडचा विषय तिथेच संपला. क्लच किंवा व्हॉल्व्ह बॉडी पाहावी लागेल. चाचणी करताना वेगात असताना लिव्हर ‘१-२’वर खेचू नये, कारण अडवायला संगणक जागेवर नसतो. इतर गाड्यांत ही सोय आहे की नाही आणि कोणते गिअर पडतात, ते पुस्तिकेत पाहूनच करावे.

पॅन उघडल्यावर

येथवर येऊन दोष आतच आहे असे ठरले, तरच पॅन काढावा. पॅनच्या तळाशी असलेल्या चुंबकावर करडी, मलमासारखी मऊ पूड असणे सामान्य आहे. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा क्लच प्लेटच्या अस्तराचे काळे तुकडे सापडले तर तो कचराच सोलेनॉइडच्या जाळीत जाऊन बसला असण्याची शक्यता आहे, आणि मूळ झीज तशीच ठेवून नवा सोलेनॉइड घातला तर तोही त्याच वाटेने जाईल.

सोलेनॉइड बाहेर काढल्यावर टेबलावर तीन गोष्टी पाहाव्यात. रोध पुन्हा मोजावा. आता तो बरोबर आला तर दोष आतल्या वायरमध्ये आहे. मग १२ व्होल्ट देऊन टकटक आवाज ऐकावा. १३ ओहमच्या सोलेनॉइडमधून साधारण ०.९ अँपिअर प्रवाह जातो आणि त्याला त्याने इजा होत नाही. कमी रोधाच्या, दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडला मात्र बॅटरी थेट लावू नये. मध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडावा, नाही तर गुंडाळी जळू शकते. शेवटी हवा. नुसता टकटक आवाज आला म्हणजे झडप नीट बसते असे होत नाही. टोयोटाच्या पुस्तिकांत अशा चालू-बंद सोलेनॉइडमध्ये चौरस सेंटिमीटरला ५ किलोच्या दाबाने हवा सोडून, बंद असताना गळत नाही आणि प्रवाह देताच मोकळी होते, हे पाहायला सांगितलेले असते. माझ्या मते मीटरवर ठीक दिसणाऱ्या पण गिअर चुकवणाऱ्या सोलेनॉइडचा निकाल या चाचणीइतका स्पष्ट दुसऱ्या कशानेच लागत नाही.

झेडएफच्या सहा आणि आठ गिअरच्या अनेक गिअरबॉक्समध्ये संगणक आणि सोलेनॉइड एकत्रच गिअरबॉक्सच्या पोटात असतात. तिथे वरची मीटरची कामे बाहेरून करता येत नाहीत. स्कॅनरवरील थेट आकडे, म्हणजे मागितलेला गिअर, मिळालेला गिअर, आत येणारे आणि बाहेर जाणारे फेरे, यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि पुढचे काम त्या गिअरबॉक्सची सवय असलेल्या माणसाकडे द्यावे.

जोडणी करताना ओ-रिंग नव्या घालाव्यात, बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळावेत आणि ऑइल त्या गिअरबॉक्सला सांगितलेल्याच प्रकारचे भरावे. काही आधुनिक गाड्यांत नव्या सोलेनॉइडसोबत येणारा कोड संगणकात भरावा लागतो, तर बऱ्याच गाड्यांत जुने शिकलेले आकडे पुसून गिअरबॉक्सला पुन्हा शिकू द्यावे लागते. तोपर्यंत गिअर बदलताना थोडा खडबडीतपणा जाणवतो. त्यानंतर कोड पुसावेत, गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवावी, सगळे गिअर मिळतात हे काट्यावर मोजावे, ऑइलची पातळी पुन्हा पाहावी आणि दोन-तीन दिवसांनी, चेक लाइट लागला नसला तरी, स्कॅनर पुन्हा एकदा लावून पाहावा. काही कोड दिवा न लावता नुसतेच प्रलंबित म्हणून नोंदलेले असतात.